उघडून न पाहिलेलं चाक

रिफा, बहरीन
१४ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दाजींस,
शिरीषचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि टाइप केलेलं तुम्हाला पत्र वाटत नाही, म्हणून हाताने लिहून फोटो पाठवतो आहे. अक्षर सोसून घ्या.

ताईकडून कळलंच असेल, मी जुनी कॅराव्हॅन घेतली. म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायची, चाकांवरची खोली. इथे थंडीत लोक साखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहतात. ऑफिसातल्या एका बहरीनी मित्राने त्याच्या तंबूशेजारी जागा देऊ केली, आणि मला हुरूप आला. लीनाने तेव्हाच विचारलं होतं की घरातला नळ दुरुस्त करायला तुला चार महिने लागतात, तर हे कशाला. आता ती काही विचारत नाही, नुसती बघते.

आधी छत गळलं. इथे वर्षाकाठी चार दिवस पाऊस, त्यातला एकच पुरला. मग पाण्याचा पंप बसला. फ्रिज आतल्या आत गरम होतो. दार बाहेरून उघडतं पण आतून नाही, हे आमची आर्या आत अडकल्यावर समजलं. सित्रा बेटावरचा जमालुद्दीन मिस्त्री दर वेळी छातीवर हात ठेवून इंशाल्ला उद्या म्हणतो. त्याचा उद्या मी अजून पाहिलेला नाही.

आता उजवं चाक घूं घूं करतंय आणि मधोमध तापतं. तुमची हयात बसगाड्यांच्या गॅरेजात गेली. काय करू ते कळवा.

ताईला नमस्कार. लोभ आहेच, सोबत सल्लाही यावा.

आपला,
शिरीष


देवरूख
१६ नोव्हेंबर २०२५

चि. शिरीष यास अ. उ. आ.

अक्षर सोसलं. गाडी सोसवत नाही.

छत, पंप, फ्रिज यांनी माणूस वैतागतो, मरत नाही. चाकाचं तसं नाही. दहा किलोमीटर चालवून थांब आणि चाकाच्या मधोमध हात ठेव. पाच आकडे मोजेपर्यंत हात ठेवता आला नाही, तर गाडी तिथून हलवायची नाही. बेअरिंग गेलंय. चाक उतरवून, मधला हब, म्हणजे बेअरिंगची डबी, उघडून, बेअरिंग डोळ्यांनी बघायचं. वरून ग्रीस भरून झालं म्हणणाऱ्या मिस्त्रीवर विश्वास ठेवू नकोस. तो उघडेल तेव्हा तू समोर उभा राहा.

तुझी ताई म्हणते, लहानपणी तू सायकलची चेनसुद्धा शेजारच्यांकडून चढवून घ्यायचास. लीनाला सांग, माझी तिला सहानुभूती आहे.

माया आहे म्हणून रागावतो.

तुझा,
दाजी


रिफा
२८ डिसेंबर २०२५

ती. स्व. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे सांगतो की आम्ही तिघं सुखरूप आहोत.

जमालुद्दीनने तीन आठवडे घालवले. मग म्हणाला, उघडलं, बघितलं, खलास, म्हणजे काम झालं. मी समोर नव्हतो, ऑफिसात वर्षअखेरीचं काम होतं. आर्याची सुट्टी निघून चालली होती, म्हणून गेल्या आठवड्यात निघालो. साखीरच्या रस्त्यावर एक चाक आमच्या गाडीला मागे टाकून पुढे गेलं. आर्याने इंग्रजीत, अगदी शांतपणे सांगितलं की बाबा, ते आपलंच आहे. मग धक्का बसला आणि कॅराव्हॅन रस्ता खरवडत कलंडली. मागून ट्रक येत होता. तो कसा थांबला ते मला आठवत नाही. लीना रस्त्याकडेला वाळूत बसून राहिली, आर्याचा हात काही केल्या सोडेना.

आतला आस वाकला, खालच्या सांगाड्याला तडा गेला. जमालुद्दीनने या वेळी मात्र दोन दिवसांत वेल्डिंग करून वर काळा रंग मारला. तडा शोधूनही दिसत नाही. पण ते टिकणार नाही, हेही त्यानेच खालच्या आवाजात सांगितलं.

दाजी, मला ही ब्याद घरासमोर नको आहे. शुक्रवारी हिद्दहून नावेद नावाचा माणूस बघायला येतोय, तीन मुलं आहेत त्याला. लीना म्हणते, त्याला डोळे आहेत, त्याने बघून घ्यावं, तू आपणहून तोंड उघडू नकोस. मलाही तसंच वाटतंय. आपल्याला ही विकणाऱ्याने तरी काय सांगितलं होतं?

रागवा, पण लोभ कमी करू नका.

आपला,
शिरीष


देवरूख
३० डिसेंबर २०२५

चि. शिरीष यास अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा शिव्या दिल्या, दुसऱ्यांदा पोरीच्या वाक्याशी पोचलो आणि कागद-पेन घेऊन बसलो.

आता मी सांगतो ते ताईला कळता कामा नये. बारा वर्षांमागे शिमग्याच्या गर्दीत गॅरेजात एक बस आली. पुढचं चाक आवाज करतंय असं ड्रायव्हर म्हणाला, महादेव गुरव त्याचं नाव. मालकाला गाडी तासाभरात हवी होती. मी हब उघडलं नाही. वरून ग्रीस भरलं, उघडून पाहिलं असं लिहून सही केली आणि महादेवला बिनधास्त जा म्हणालो. घाटात चाक निघालं. प्रवासी वाचले. महादेवचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. खड्ड्यामुळे झालं असं ठरलं, आणि मी गप्प बसलो. कानामुळे नोकरी सोडली असं मी सगळ्यांना सांगितलं. कान तर नंतर गेले.

महादेवलाही डोळे होते, शिरीष. पण हबच्या आतलं त्याला कुठून दिसणार?

तुला काय करायचं ते तू ठरव. मी तुला काही सांगण्याच्या लायकीचा नाही.

दाजी


रिफा
३ जानेवारी २०२६

ती. स्व. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

काल नावेद आला. त्याची पोरं आधी आत घुसली आणि कोण कुठे झोपणार यावरून भांडायला लागली. त्याला छत चाललं, फ्रिजचंही चाललं. व्यवहार ठरल्यातच जमा होता. मी त्याला गाडीखाली वाकायला लावलं, वेल्डिंगवर त्याचं बोट ठेवलं आणि चाक कसं निघालं तेही सांगितलं.

तो आभार मानेल असं मला वाटलं होतं. तो चिडला. हेच फोनवर सांगितलं असतं तर पोरांना आशा लावून इतक्या लांब आणलं नसतं, असं म्हणाला, आणि ते खरंच होतं. धाकटी बाहेर यायलाच तयार नव्हती. तिला उचलून, रडती घेऊन गेला.

रात्री जेवायला बसलो. पोळी वाढताना लीना म्हणाली की त्या धाकटीला उचलून नेताना आपली आर्याच दिसली. आज सकाळी तिनेच सित्र्याच्या भंगारवाल्याला फोन केला. कॅराव्हॅन ओढून न्यायची नाही, ट्रकवर चढवून न्यायची, असं तिने त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

ताईला मी काही बोललेलो नाही. तुमचा लोभ मला हवा आहे, पूर्वीइतकाच.

आपला,
शिरीष


देवरूख
५ जानेवारी २०२६

चि. शिरीष यास अ. उ. आ.

तुझं पत्र काल तुझ्या ताईला वाचायला दिलं. तिने विचारलं, शिरीष मला काय बोललेला नाही? मग माझंही सांगितलं.

तिने निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारले. माझ्याशी बोलायच्या पाटीवर लिहून विचारलं, महादेव गुरव राहतो कुठे? मी सांगितलं, संगमेश्वरच्या अलीकडे, अजून असला तर. तिने लिहिलं, रविवारी जाऊ.

मी म्हटलं, तो दारात उभं करणार नाही. ती म्हणाली, मग दाराबाहेर उभे राहू. एवढं मला तिच्या ओठांवरून कळलं.

सकाळची गाडी आहे. लीनाला आणि आर्याला आशीर्वाद.

तुझा,
दाजी