बावन्न पिवळ्या चिठ्ठ्या

सोमवार, ४ मे
आजपासून नातीच्या अभ्यासात नाक खुपसायचं नाही. ठरलं. कोरिन अकरावीत आहे, सतरा वर्षांची घोडी. मी आठवीत शाळा सोडली, कारण शाळेकडे मला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.
इंग्रजीच्या तासाला अमेरिकन साहित्य चालू आहे. शुक्रवारी त्यात पास नाही झाली, तर शनिवारच्या सॉफ्टबॉल मॅचला बाकावर बसेल आणि तिच्या जागी कॅचर म्हणून एलिंगसनांची ती मरतुकडी उभी राहील. हे होणे नाही.

मंगळवार, ५ मे
कोरिनची कादंबरी नुसती चाळली. दीडशे पानं झाली. शेतावरची एक विधवा रोज विहिरीत डोकावते आणि उसासे टाकते. कोरिन म्हणाली, इंग्रजीच्या बाईंच्या मते विहीर म्हणजे त्या विधवेचं एकटेपण. मी म्हटलं, विहीर म्हणजे पाणी. दोन गाई पिळायच्या असल्या की उसासे सुचत नाहीत.
ही पोर जेवणाआधी ताटाचा फोटो काढते. पुस्तकाचाही काढते. डोळे कशाला दिलेत कोण जाणे.

बुधवार, ६ मे, सकाळी
पुस्तक शाळेचं, परत द्यायचं, आणि पानापानाला पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. आमच्या वेळी डाग पडला तरी हातावर पट्टी बसायची. बावन्न चिठ्ठ्या सोलून शेगडीत घातल्या. पुस्तक कसं लख्ख झालंय.

दुपारी
फ्रिजवर बाईंचा कागद लावलाय. तो आज वाचला. मार्क त्या चिठ्ठ्यांनाच आहेत. पुस्तक उद्या जमा करायचं.
घाबरले नाही. जरा बसले.
उपाय सोपा आहे. चिठ्ठ्या मीच लिहिते, कोरिनसारख्या गिचमिड अक्षरात.

संध्याकाळी
बावन्न झाल्या. पान ४०: ही बाई आळशी आहे. पान ८८: दोर कुजलाय, बदल. पाणी ओढणं काय असतं ते माझ्या खांद्याला विचारा. पान १३०: पाद्री तीनदा जेवून गेला, एकदाही ताट उचललं नाही.
ए ग्रेड नक्की. पुस्तक गुपचूप दप्तरात सरकवलं.

शुक्रवार, ८ मे
बाईंचा, म्हणजे मिसेस हॅलव्होर्सनचा फोन. कोरिन पास आहे. तिने आपल्या चिठ्ठ्यांचे फोटो मंगळवारीच पाठवले होते म्हणे. मी अगदी सहज विचारलं, मग पुस्तकातल्या कुणाच्या?
"सतरा वर्षांची मुलगी खांद्याची तक्रार करत नाही, मिसेस टॉरगर्सन."
माझ्या चिठ्ठ्यांनाही मार्क दिलेत. सी मायनस. शेरा: मतं भरपूर, पुरावा नाही. हवं तर सोमवारपर्यंत पुन्हा लिहून द्या. पुस्तक कोरिनबरोबर परत पाठवलंय.
कोरिन हसून हसून जमिनीवर बसली. "आजी, आठवीतही तुला हेच मिळालं होतं ना? आईने सांगितलंय."
तिच्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी पुन्हा काही लिहिणार नाही. मला काय पडलंय.

शनिवार, ९ मे
मॅचला गेले. बाक ओला असतो, म्हणून खाली घ्यायला पुस्तक नेलं होतं.
कोरिनने बॉल कुंपणापलीकडे मारला म्हणे. अख्खं गाव उभं राहिलं. मला दिसलं नाही. पान ११२ वर ती बाई भरलेली बादली वर ओढते, पाणी तसंच विहिरीत ओतते आणि पुन्हा दोर सोडते. पाणी नकोच असतं तिला.
एवढा शोधून पुरावा सापडला, तो हॅलव्होर्सनच्या बाजूचा.