विमानाला लावलेली शिडी

बाबा, मागच्या महिन्यात मी तुमचं विमान पुन्हा पाहिलं. तेच नव्हे, त्याच जातीचं दुसरं, दूरच्या शहरातल्या एका संग्रहालयात. पाटीवर लिहिलं होतं, जेट लढाऊ विमानांच्या अगदी पहिल्या पिढीतलं हे व्हँपायर, आता अशी थोडीच उरली आहेत. माझ्या शाळेची पोरं आनंदानं गलका करत होती आणि मी मात्र वैमानिकाच्या काचेखालचा तो धोक्याचा लाल त्रिकोण बघून जागच्या जागी थिजले. एक मुलगी दोरी ओलांडून पुढं गेली, तर मी इतक्या जोरात ओरडले की पहारेकरी धावत आला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती भीती गेलेली नाही.

मी सातवीत होते. चंद्रपूरच्या, आपल्या चांद्याच्या, त्या कॉलेजच्या मैदानात सिमेंटच्या ओट्यावर विमान उभं होतं, रंग उडालेलं, शेपटीवर कावळे बसलेलं. कोणी मोठा पाहुणा येणार म्हणून कॉलेजच्या बाबूंनी तुम्हाला बोलावलं. तुम्ही पाट्या रंगवणारे, पण घर ढिवराचं, मासे धरणाऱ्यांचं, आजोबांचा जन्म तलावावर गेलेला. तुम्ही विमानाच्या नाकावर बोटांनी टकटक केलीत आणि हसतच सुटलात. "हे तं लाकूड हाय, माय! हा तं डोंगाच हाय!" खरंच त्याचा पुढचा भाग लाकडाचा होता. आजोबांच्या डोंग्याच्या, त्या लाकडी होडीच्या, भेगा तुम्ही बुजवत होता तशाच त्याच्याही बुजवल्यात. मग जुनी इंग्रजी अक्षरं पारदर्शक कागदावर उतरवून घेतलीत, कारण इंग्रजी तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही ते चित्रासारखं काढत होता. अर्ध्या चांद्यातल्या दुकानांवर तुमच्या हातचं इंग्रजी होतं आणि ही गोष्ट फक्त आपल्या घरात ठाऊक होती. आदल्या वर्षी एका दुकानापुढं मी पटकन बोलून गेले होते, "बाबा, इथी एक अक्षर सुटलं," आणि दुकानदार खो-खो हसला होता. परतताना तुम्ही सायकल थांबवून म्हणालात, "लोकायपुढं बापाले वाचून दाखवत जाऊ नोको." दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

म्हणून विमानाच्या कामाच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही काचेखालचा तो लाल त्रिकोण रंगवत होता आणि मी खाली शिडी धरून उभी होते, तेव्हा मी तुम्हाला ते वाचून दाखवलं नाही. मला वाचता आलं होतं. DANGER. खालच्या ओळीतला शेवटचा शब्दही कळला, सीट. मधला शब्द काही लागेना. तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी कॉलेजच्या चौकीदारांना विचारलं. ते फौजेतून निवृत्त झालेले.

"त्या शीटखाली फटाक्याची दारू रायते, बाई," ते म्हणाले. "डोक्यावरची मूठ ओढली का मानूस सिधा आभायात."

"पन काढून घेतली असन ना भाऊ?"

"असन. मले काय मालूम? आमी तं पायदळवाले."

आणि तुम्हाला त्याच सीटवर बसायचं होतं! काच तडकलेली, खाली पावसाचं पाणी साचलेलं. तुम्ही टमरेलानं ते उपसत होता, तुमची पाठ हलत होती, आणि तुमचं डोकं त्या मुठीपासून किती लांब आहे ते मी खालून मोजत होते. घरी गेल्यावर सांगता आलं असतं. पण तुम्ही जेवताना आईला म्हणत होता, "विमान रंगवनारा चांद्यात मी एकटाच," आणि मी तुमच्या ताटात आणखी भात वाढला. इतक्या आनंदात मी तुम्हाला क्वचितच पाहिला होता.

तिसऱ्या दिवशी फक्त आतलं काम उरलं होतं. डोक्यावरच्या मुठीच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्या. तुम्ही वर चढता, सीटवर टेकता, ब्रश दातांत धरता. मी शिडी दोन्ही हातांनी आवळून धरली आहे. मग तुमचा हात वर जातो, मुठीकडे, आणि मी शिडी सोडून पळते. पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसते, कानांत बोटं घालून, डोळे गच्च मिटून. आपला बाप आता मरणार आणि तो आपल्यामुळं मरणार, एवढंच डोक्यात. किती वेळ गेला कोण जाणे. बोटं काढली तर तुमचा खोकला ऐकू आला. तुम्ही एकटेच शिडीवरून उतरत होता.

"कुठी गेलती?"

"पानी प्याले."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. हाताला पिवळा रंग. "बरं केलं, माय," म्हणालात, आणि ब्रश पुसू लागलात.

संग्रहालयातल्या माणसाला मी तेव्हाच विचारलं. ते म्हणाले, विमान मांडायच्या आधी सीटची दारू काढतातच, बहुतेक. ते 'बहुतेक' ऐकून मी पोरांना दोरीपासून आणखी दोन पावलं मागं घेतलं. पण खरी गोष्ट परतल्यावर कळली. धानोऱ्याला माझ्या शाळेत जाताना एका वळणावर विजेचा डीपी आहे. त्यावर कवटी, हाडं, "धोका", आणि खाली DANGER. त्यातल्या G ची शेपटी गळासारखी वळलेली, तुमच्याच हातची. सिरोंच्यापर्यंत किती डीपी रंगवलेत तुम्ही! सगळं इंग्रजी येत नसेल, पण हा एक शब्द तुम्हाला झोपेतही ओळखता आला असता. तुम्हाला माहीत होतं, बाबा. आणि बाबूंना विचारलं तर वाचता येत नाही हे उघडं पडेल, म्हणून तुम्ही विचारलं नाहीत. मंग काऊन चढले तुम्ही? राग येतो मला तुमचा. त्या दिवशी मी सोडलेली शिडी जराही हलली नव्हती, हेही आता आठवतं. तुम्ही ती विमानाच्या चाकाच्या दांड्याला जाळ्याच्या दोरीनं बांधून ठेवली होती, तुमच्या त्या ढिवरी गाठीनं. मी खाली उभी राहायची गरज नव्हती. मी वेडी तरी धरून बसले होते.

हा कागद तुमच्या ब्रशांच्या डब्यात ठेवते आहे, दुसरीकडे पाठवणार तरी कुठं. एक सांगायचं राहिलं होतं. मी पाणी प्यायले नव्हते, बाबा. ती टाकी कोरडी होती. आपण रोज घरून कॅन भरून नेत होतो, आणि तो तुमच्या शिडीखालीच ठेवलेला असायचा; तुम्ही उतरलात तेव्हाही तो तिथंच होता.