शुक्रवारी अप्पा टीव्हीवर

अप्पा, तुमच्यावर मालिका येतेय. तुमच्या नावाने नाही, पण तुमच्यावरच. एकाहत्तरच्या लढाईत बॉम्बफेकी विमानं घेऊन गेलेल्या माणसांची गोष्ट आहे, आणि तिच्यातला नॅव्हिगेटर, म्हणजे पायलटच्या पुढ्यात बसून त्याला वाट सांगणारा दुसरा माणूस, तुमच्यावरून घेतलाय. येत्या शुक्रवारी पहिला भाग. मुरुडला एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागलाय. त्यावरचा तुमचा फोटो मावशीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून घेतलाय, त्यामुळे तुमच्या खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात तसाच राहिलाय. खाली लिहिलंय, 'आपल्या मातीतला वाघ'. तुम्ही असता तर शिडी लावून स्वतः तो उतरवला असता आणि मग आठवडाभर आईशी नि माझ्याशी बोलला नसता, जणू तो आम्हीच लावला होता.

मुरुडजवळच्या आपल्या गावाला नुसता उत्साह चढलाय. शाळेच्या पटांगणात मोठा पडदा लावायचं ठरलंय, लॉजवाल्याने पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलंय, आणि सरपंचबाईंचा मला फोन येऊन गेला, 'ताई, सुरुवातीला तुम्ही दोन शब्द बोला ना, वडिलांच्या आठवणी.' मी विचार करून सांगते म्हटलं. गेल्या रविवारी अलिबागहून गावी आपल्या वाडीवर गेले तर मासळीवाली दारात टोपली उतरवून म्हणाली, 'बाय, तुजा बापूस टीव्हीव येनार हाय म्हनं, खरं काय?' मी म्हटलं, 'व्हय.' ती थोडा वेळ बोंबील निवडत राहिली. मग म्हणाली, 'आमच्याशी तर कदी बोलला न्हाय गो. मावरं घेताना पन बोट दाखवायचा. आता टीव्हीव बोलंल.' ती हसली. मला हसू आलं नाही, कारण आमच्याशीही तुम्ही बोटानेच बोलायचात.

लोकांना वाटतं मी भाग्यवान. माझ्या आठवणीतले तुम्ही म्हणजे विमानदल सोडून आल्यावर त्या वाडीत स्वतःला कोंडून घेतलेला माणूस. उजवा पाय ओढत पोफळींमधून फिरणारा, पंपाच्या खोलीशेजारी दगडावर तासन् तास बसणारा. घरात भांडं पडलं की आधी आईकडे बघायचात, मग माझ्याकडे, आणि आम्ही दोघी गुन्हेगारांसारख्या उभ्या. पाचवीत असताना भूगोलाच्या बाईंनी जिल्ह्याचा नकाशा काढून आणायला सांगितला होता. मी ओटीवर पालथी पडून दुपारभर काढला. समुद्राला निळी शिस, डोंगरांना तपकिरी, तळा गावाच्या जागी जरा मोठा ठिपका, कारण आईचं माहेर तिथलं. तुम्ही वाडीतून आलात, वाकून बघितलंत. मला वाटलं आता काहीतरी चांगलं म्हणाल, नकाशे तुमचं कामच होतं म्हणून आईने मला सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, 'रेवदंड्याची खाडी कुठाय?' मी राहिली म्हटलं. 'राहिली?' तुम्ही कागद उचललात आणि फाडलात, चार तुकडे करून माझ्यासमोर ठेवलेत. 'चुकीच्या नकाशाने माणसं मरतात,' एवढंच बोललात आणि हात धुवायला मागच्या दारी गेलात. मी दहा वर्षांची होते, अप्पा. माझ्या नकाशाने कुणीही मरणार नव्हतं. आई तव्यावरची भाकरी सोडून आली, तुकडे गोळा केले आणि मला म्हणाली, 'त्यांचं मनावर घेऊ नको.' तिचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की तुमच्याबद्दल कुणी विचारलं तर मला तेच आधी आठवतं.

मालिकेकडून एक मुलगी आली होती, दीड वर्षापूर्वी, रो-रो बोटीने गाडी घेऊन. माहिती जमवणं हेच तिचं काम. निवृत्त झालेल्या कुणा अधिकाऱ्याकडून तिला आपला पत्ता मिळाला होता. नम्र होती, आईच्या पाया पडली, कोकम सरबत दोनदा मागून प्यायली. तिने मला विचारलं, 'त्या अपघाताबद्दल ते घरी काय सांगायचे?' मी म्हटलं, 'काहीच नाही.' तिला ते खरं वाटेना. मग तिनेच मला सांगितलं. माझ्या बापाचं काय झालं ते मला अंधेरीहून आलेल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या मुलीने सांगितलं, माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून. की परतताना तुमच्या विमानाला खालून तोफेचा मार बसला. की तुमच्या त्या विमानात पायलटच्या खुर्चीखाली दारू ठासलेली असायची, खटका ओढला की माणूस खुर्चीसकट बाहेर फेकला जायचा, पण नॅव्हिगेटरला तशी खुर्चीच नव्हती. त्याने पुढच्या काचेच्या नाकाडातून रांगत दारापर्यंत यायचं, दार उघडायचं आणि स्वतः उडी मारायची. तुम्ही रांगत येईपर्यंत तुमच्या पायलटने विमान सरळ धरून ठेवलं. तुम्ही आपल्या हद्दीत शेतात पडलात, पाय मोडला. त्यांनी खटका ओढेपर्यंत जमीन फार जवळ आली होती.

मी त्या मुलीला म्हटलं, 'पाणी आणते,' आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभी राहिले. मला तुमची दया यायला हवी होती. मला राग आला. कारण मला काकू आठवल्या.

तुमच्या पायलटची बायको. मी सातवीत होते. त्या नागपूरहून मुंबईला भावाकडे आल्या होत्या आणि तिथून न कळवता एसटीने आपल्याकडे आल्या. उन्हाने लाल झालेला चेहरा, हातात संत्र्यांची पिशवी. आई त्यांना बघून रडायलाच लागली, दोघी क्वार्टर्समध्ये शेजारी राहिलेल्या. आईने मला वाडीत पाठवलं तुम्हाला बोलवायला. तुम्ही पंपाशी होतात. मी कोण आलंय ते सांगितलं. तुमच्या हातातला पाना खाली पडला, तो तुम्ही उचललाही नाहीत. म्हणालात, 'सांग, मी घरी नाही.'

'पण अप्पा, त्या लांबून आल्यात.'

'मी तळ्याला गेलोय म्हणून सांग.'

मी परत आले आणि सांगितलं, अप्पा तळ्याला गेलेत. काकू पायरीवर उभ्या होत्या आणि पायरीखाली तुमच्या चपला होत्या. घराच्या आवारात तुम्ही अनवाणी फिरायचात हे त्यांना क्वार्टर्सपासून माहीत असणार. त्यांनी चपलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, 'बरं बाळ. येतील तेव्हा येतील.' जेवल्या, थांबल्या. आई त्यांना भात वाढत होती आणि त्या म्हणत होत्या, 'मला दुसरं काही नको गं. तो शेवटी काय बोलला, तेवढं विचारायचंय. भाऊजीच एकटे होते त्याच्याबरोबर. काहीतरी बोलला असेल ना?' आई म्हणाली, 'वहिनी, मलाही नाही सांगत.' काकू शेवटच्या गाडीपर्यंत थांबल्या. जाताना वाडीच्या बाजूला तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, 'माझा काही राग नाहीये हो!' पंप बंद होता. तुम्हाला ऐकू गेलंच असणार. तुम्ही आलात ते गाडी गेल्यावर, आणि संत्री बघून विचारलंत, 'ही कुणी आणली?'

हे मी तुम्हाला कधी माफ केलं नाही. तो नकाशा माफ केला असता. मालिकेची ती मुलगी येऊन गेल्यावर मी काकूंबद्दल चौकशी केली. त्या गेल्या, बरीच वर्षं झाली. तुम्ही त्यांच्या आधीच गेला होतात. म्हणजे ते वाक्य आता कुणाकडेच नाही.

आणि म्हणून ते आता कुणीही लिहू शकतं. गेल्या महिन्यात ट्रेलर आला. त्यात तुमचा पायलट, गालाला काजळी लावलेला देखणा नट, मान वळवून म्हणतो, 'तू जा मित्रा! तुझ्या लेकीला सांग, तिचा काका आभाळात राहायला गेलाय!' खाली हजारो लोकांनी रडणारे चेहरे टाकलेत. आमच्या ऑफिसातल्या शिपायाच्या डोळ्यांत पाणी आलं, तो मला म्हणाला, 'मॅडम, काय माणसं होती.' मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक आहे. माणूस जे बोलला तेच उतरवायचं, त्याच्या तोंडात स्वतःचा शब्द घालायचा नाही, एवढ्यावर माझी नोकरी चालली. जळत्या विमानात माणूस असं बोलत नाही. 'लवकर' म्हणाला असेल. 'दार' म्हणाला असेल. कदाचित शिवी दिली असेल, तुम्ही अडकलात म्हणून. जे असेल ते त्या बाईचं होतं, तिच्या नवऱ्याचं शेवटचं बोलणं, आणि तुम्ही ते पंपाच्या खोलीत दाबून बसलात. तुम्ही ते तिच्या पदरात टाकलं असतं तर आज मुंबईतला कुणीतरी ही आभाळाची भानगड लिहू शकला नसता. तुम्हाला लाज वाटत होती, हे मला आता कळतं. जगलो याची लाज. पण ती लाज तुम्ही कधी उच्चारलीही नाहीत. ती आमच्या घरात रोज शिजत राहिली, आणि आई आणि मी ती रोज जेवलो.

ट्रेलरमध्ये आणखी एक तुकडा आहे. लढाई सुरू व्हायच्या आधीचा. नॅव्हिगेटर किनाऱ्यावर चाललाय, खांद्यावर त्याची छोटी मुलगी, तिने विमानासारखे हात पसरलेत, आणि तो मोठमोठ्याने हसतोय. तो पहिल्यांदा बघितला तेव्हा मी फोन पलंगावर फेकला. तुम्ही मला कधी बोट धरून शाळेतसुद्धा नेलं नाहीत. संध्याकाळी आईचे पाय चेपताना मी म्हटलं, 'तुझ्या नवऱ्याला काय काय चिकटवलंय बघ. म्हणे मला खांद्यावर घेऊन फिरायचे. हे असलं खोटं कुठून आणतात?'

आई म्हणाली, 'मी सांगितलं.'

'काय?'

'त्या पोरीला. तू पाणी आणायला गेलीस ना आत, तेव्हा तिने विचारलं, आधी कसे होते. मी सांगितलं.'

'आई, खोटं कशाला सांगितलंस?'

'खोटं नाही गं.' तिने पाय आखडून घेतला. 'आपण रजेवर आलो होतो. तू अडीच वर्षांची. रोज संध्याकाळी तुला खांद्यावर टाकून पुळणीवर न्यायचे. माझी सासू ओरडायची, पोरीला वारा लागेल. ते ऐकायचे नाहीत. गाणी म्हणायचे, वेडीवाकडी, स्वतःच जोडलेली. रजा रद्द झाली म्हणून तार आली, त्या दिवशीसुद्धा नेलं होतं.'

'मला का नाही सांगितलंस कधी?'

'सांगून काय झालं असतं? तुला आठवत नव्हतं. वर आणखी मागितलं असतंस त्यांच्याकडे. त्यांच्याकडे उरलं नव्हतं.'

मी तिचा पाय पुन्हा मांडीवर घेतला. मग विचारलं, ट्रेलरमधल्या मुलीसारखी मीही हात पसरायचे का, हसायचे का. आई म्हणाली, 'तू कसली हसतेस. घाबरट होतीस. दोन्ही मुठींत त्यांचे केस घट्ट धरून ठेवायचीस. त्यांना दुखायचं. हसायचे ते.'

तेव्हापासून माझा तुमच्यावरचा राग कुठे ठेवायचा ते मला कळत नाही. कमी झालाय असं नाही. उलट वाढलाय, कारण आता मला काय गेलं ते माहीत झालंय. आईला ते मिळालं होतं. परवापासून ते सगळ्या देशाला मिळेल. ज्या मुलीने तुमचे केस धरले होते तिच्याजवळच काही नाही.

सरपंचबाईंना मी भाषणाला नाही म्हणून कळवलं. हे कागद आईच्या हाती लागायला नकोत, म्हणून लिहून झाल्यावर फाडून टाकणार आहे. पण शुक्रवारी मी अर्धी रजा टाकलीय. शाळेच्या पटांगणात जाणार नाही, अलिबागच्या घरीच आईच्या शेजारी बसून बघेन, आणि पायलट, विमान, आभाळ यातलं काहीही मला बघायचं नाहीये. मला फक्त ती मुलगी बघायचीय. तिचा मला हेवा वाटतो, अप्पा. छप्पन्न वर्षांच्या बाईला, टीव्हीतल्या भाड्याच्या मुलीचा.