पदराखालचे हात

माय,

तुला वाचता येत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. तरी लिहितो आहे, कारण तुझ्याशी हातांनी बोलायची माझी लाज आता गेली आणि समोर तू नाहीस.

कापसाच्या तेजीची वर्षं ती. अकोल्याच्या बाजारात गाड्यांची रांग वेशीबाहेर जाई आणि मी दलाल म्हणून मिरवत होतो. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आम्ही भाव ठरवायचो, लोक त्याला हुशारी म्हणत. तू अंगणात बोटांनी बोललीस की मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं होई. माझ्या सोयरिकीला पाहुणे यायचे होते तेव्हा मी आत्याला म्हणालो, "तिले सांग, हात पदराखाली ठेव म्हणा." आत्या म्हणाली, "माय हाय ते तुयी. तूच सांग." मी सांगितलं. पाहुणे जाईपर्यंत तू हात झाकून खरोखरची मुकी बसलीस.

पुढे तिवशाकडची एक माळीण भाजी घेऊन येऊ लागली, तीही बहिरी. कापूस म्हणायला तू चिमटीतून धागा ओढायचीस, ती तळहातावर फुंकर मारायची. तुझं पाणी म्हणजे ओठाला लावलेला अंगठा, तिचं पाणी म्हणजे ओंजळ. पहिल्या दिवशी काहीच जुळेना, दोघी नुसत्या हसत राहिलात. दिवाळीपर्यंत ओसरीवर तिसरीच बोली तयार झाली, अर्धी तुझी, अर्धी तिची. तू इतकं बोलू शकतेस हे मला तेव्हा कळलं. मी ती बोली शिकलो नाही. भूक, भाकर, ये, जा, एवढं मला पुरत होतं.

शेवटच्या तापात तू आपल्या कानाची पाळी ओढलीस. ते माझं नाव, माझ्या कानातल्या बाळीवरून ठेवलेलं. मग छातीवर तळहात ठेवून तो दोनदा उलटा केलास आणि माझ्याकडे पाहत राहिलीस. ही खूण तुम्हा दोघींच्या ओसरीवरच्या बोलीतली होती. आत्याने विचारलं, "काय म्हणून राहिली ते?" माळणीला बोलावता आलं असतं, पण बाहेर व्यापारी बसले होते. "कळलं मले," मी म्हणालो, आणि मान हलवली. तू हात खाली ठेवलास. मी कशाला हो म्हटलं, मला माहीत नाही.

माळीण अजून बाजारात बसते. ती खूण करून दाखवली तर अर्थ सांगेल, पण मग लेकाला काही कळलं नव्हतं हेही तिला कळेल. आज तिच्यासमोर हात छातीपर्यंत नेला. तिने वर पाहिलं, तशी मी वांग्यांकडे बोट केलं. आमच्या घरी वांगी कुणी खात नाही.