न पडलेले तिसरे पाऊल

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा बूट दुरुस्ती, शिवाय तेहतीस वर्षे बास्केटबॉलचा पंच, आज पूर्ण शुद्धीवर आहे, चष्मा लावून बसलो आहे आणि माझ्यावर दुसऱ्या कोणाचाही दबाव नाही. जो आहे तो माझाच माझ्यावर आहे. हा कागद मी चौथ्यांदा लिहीत आहे. आधीचे तीन फाडले, कारण दर वेळी पाचव्या कलमापाशी आलो की मी उठून खिडकीशी जात असे आणि परत येऊन भलतेच काहीतरी लिहीत असे. ते तिन्ही रद्द समजावेत.

कलम १. खालचे दुकान, वरच्या दोन खोल्या आणि बँकेत जे काही निघेल ते माझ्या मुलीचे. जावईबापूंना दुकानात मोबाइलची कव्हरे विकायची आहेत. खुशाल विकावीत, मी बघायला येणार नाही. मात्र जिन्याची चौथी पायरी हलते. अकरा वर्षे मी ती उद्यावर ढकलत आलो, तेवढी त्यांनी बसवून घ्यावी. 'उद्या' या शब्दाबद्दल पुढे लिहिणारच आहे.

कलम २. आरी, रापी, हातोडी आणि लाकडी फर्म्यांच्या नऊ जोड्या कोपऱ्यावरच्या बूटवाल्याला द्याव्यात. होय, त्यालाच. त्याचे माझे विळ्याभोपळ्याचे सख्य आहे, कारण माझा सख्खा धाकटा भाऊ माझ्या दारावरून पुढे जाऊन त्याच्याकडे बूट टाकतो. आधी त्याच्या बापाकडे टाकायचा. एक्केचाळीस वर्षे हे चालले आहे. पण त्या बूटवाल्याची रापी बोथट आहे, हे मला धाकट्याच्या टाचा लांबून पाहूनही कळते. निदान धाकट्याच्या बुटांचे चामडे तरी नीट कापले जावे.

कलम ३. क्लबचे पत्र. नव्या भिंतीवर तीन नावे रंगवायची आहेत: आपल्या इथल्या ज्या तिघांनी बास्केटबॉल खेळायची रीतच बदलली, त्यांची. सर्वांत जुना पंच म्हणून माझे मत मागवले आहे. पत्र सात महिने पडून आहे. सेक्रेटरी दर रविवारी जिन्याखालून ओरडतो, "काका, ठरलं का?" मी वरून ओरडतो, "उद्या!"

टीव्हीवरचे परदेशी खेळाडू थोर असतील. त्यांचे बूट माझ्याकडे कधी आले नाहीत, तेव्हा त्यांच्याबद्दल मी काही लिहून देऊ शकत नाही. इथल्यांसाठी माझी कसोटी साधी आहे. गुण किती केले ते फळ्यावर लिहिलेले असते. खेळ त्याने बदलला, ज्याच्यानंतर समोरच्याला उभे राहायची तऱ्हा बदलावी लागली.

या कसोटीवर सेक्रेटरीचे वडील बसत नाहीत. त्यांना सगळे 'शिडी' म्हणत. भला माणूस, कप कितीतरी आणले. पण ते बास्केटखाली उभे राहत आणि वरच्या वर चेंडू आत सोडत, एवढेच. ते निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सगळे पूर्वीसारखेच उभे राहिले. त्यांच्यामुळे बदलल्या त्या आमच्या माना. वडिलांचे नाव सेक्रेटरीने घराच्या दारावर लावावे, तिथे ते शोभेल.

पहिले नाव नर्सबाईंचे. त्या एकीकडे बघून दुसरीकडे चेंडू देत. "वॉर्डात चौघे एकदम हाक मारतात, मान कुणाकुणाकडे वळवू?" असे म्हणायच्या. त्यांच्यानंतर अडवणारे डोळे सोडून हातांकडे बघायला लागले.

दुसरे पोस्टमनचे. त्याचा गुडघा गेला, आत घुसणे जमेना, म्हणून तो लांबूनच चेंडू टाकू लागला. आम्ही हसलो. "पत्र टाकतोय पत्र!" पत्रे पेटीत पडत गेली तसे हसणे आटले. त्याला अडवायला लोक पुढे येऊ लागले आणि तेच जुने मैदान आम्हाला मोठे वाटायला लागले.

कलम ४. तिसरे नाव लिहायच्या आधी मी उठलो, पाणी प्यालो, चौथी पायरी हलवून पाहिली. वकीलबाई म्हणाल्या, "काका, हे मृत्युपत्र आहे, मॅचचं वर्णन नाही." मी म्हणालो, "बाई, मॅच संपलेली नाही, म्हणून तर लिहितोय."

कलम ५. तिसरे नाव माझ्या धाकट्याचे.

तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. अंतिम सामना, शेवटची काही सेकंदे, त्याचा संघ एका गुणाने मागे, शिट्टी माझ्या तोंडात. कारखान्याच्या संघासाठी माणसे निवडणारे साहेब पहिल्या रांगेत बसले होते. संघात घेतले म्हणजे नोकरी पक्की. धाकटा जोरात आत घुसला, अडवणारा त्याच्यासोबत धावला, आणि हा जागीच थांबून एक पाऊल मागे गेला. अडवणारा पुढेच निघून गेला. असे कोणी करताना आम्ही पाहिले नव्हते. चेंडू बास्केटमध्ये पडला.

मी शिट्टी वाजवली. तीन पावले. चेंडू हातात धरून दोनच चालतात. बास्केट रद्द.

पावले कानांनी मोजायची ही माझी रीत. पायांच्या गर्दीत डोळा फसतो, लाकडी जमिनीवर सोलचा आवाज फसवत नाही, असे मी सर्वांना सांगत असे. मला 'कानपंच' म्हणत आणि ते मला आवडत असे. त्या दिवशी मी तीन आवाज ऐकले, हे खरे आहे. धाकटा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, दोनच होती." मी म्हणालो, "मैदानावर दादा नाही, पंच म्हणायचं." त्याने दोन्ही बूट काढून माझ्या अंगावर फेकले आणि अनवाणी घरी गेला. साहेबांनी दुसऱ्या कोणाला तरी निवडले. धाकट्याने पुन्हा चेंडूला हात लावला नाही. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या.

दुसऱ्या दिवशी मी ते बूट बाकावर घेतले. उजव्याचा सोल पुढून चार बोटे उघडा होता. नाडीला माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती: 'उजवा, पुढचा सोल. तातडीचे.' तीन दिवस आधी त्याने तो माझ्याकडे टाकला होता. मी म्हटले होते, "उद्या देतो." दोनदा म्हटले होते. शेवटी तो फळीवरून तसाच उचलून घेऊन गेला. बूट हातात घालून मी बाकावर आपटून पाहिला. पाय एकदा टेकला की सोल मागाहून आणखी एकदा वाजायचा. तिसरे पाऊल त्याने टाकले नव्हते. ते माझ्या दुकानातून गेले होते.

हे मी एक्केचाळीस वर्षे कोणाला सांगितले नाही. आणखी वाईट पुढेच आहे. त्या दिवशी ज्यांच्याविरुद्ध तो खेळला, त्यांनीच ते मागचे पाऊल उचलले. मग सगळ्या क्लबांनी उचलले. ते टाकले गेले तेव्हा मी एकदाही शिट्टी वाजवली नाही, कारण पावले दोनच होती. चार वर्षांत माझ्याकडे येणारे बूट बदलले. पूर्वी सोल चवड्याखाली झिजत, आता टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजू लागले, कारण आता अडवणाऱ्याला धावता धावता थांबायला लागते. आजही तसेच झिजतात. धाकट्याने खेळ बदलला याचा पुरावा माझ्या बाकावर रोज येत होता, आणि मी त्याला नवीन टाच ठोकून पाठवून देत होतो.

कलम ६. चांदीची शिट्टी. त्या निकालाबद्दलच क्लबने ती मला दिली. "पंच असावा तर असा, सख्ख्या भावालाही सोडलं नाही!" मला बरे वाटले, हेही लिहून ठेवतो. त्या दिवशी मैदानावर शिट्टी फुंकताना आत कुठेतरी 'आता कोणी भावाचा पंच म्हणणार नाही' असे वाटले होते. मला शरम वाटते. शिट्टी क्लबला परत जावी. तिथे मांडली तर तिच्याखाली कोणताही मजकूर नको.

कलम ७. उजवा बूट, चिठ्ठीसह, माझ्या मृत्यूनंतर धाकट्याला द्यावा.

कलम ८. कलम ७ रद्द. काल वकीलबाईंनी सांगितले की दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार न होणे बरे. तेव्हा लख्ख कळले की मी मेल्यावर बूट पाठवणे म्हणजे पुन्हा 'उद्या देतो' म्हणणेच आहे. त्याने शिव्या द्यायच्या तरी कोणाला? म्हणून मृत्युपत्रातून त्याला काहीच नाही. बूट आजच देणार.

काल मी त्याच्या दारात गेलो होतो. तो दार अर्धेच उघडून उभा राहिला.

"काय आहे?"

"साक्षीदार हवाय."

"कशाला?"

"येऊन वाच. मला तोंडाने सांगता येत नाही."

त्याने माझ्या पायांकडे पाहिले. मग म्हणाला, "उद्या येतो." त्या शब्दाने मला रात्रभर डोळा लागू दिला नाही.

तो आला आहे. बाकावर बसून वरपासून वाचतो आहे, बूट शेजारी ठेवला आहे. क्लबला तिन्ही नावे सकाळीच पाठवली. माझ्या येरझाऱ्या चालू आहेत, आणि वकीलबाई मला खाली बसा म्हणत आहेत. वर लिहिले ते सर्व माझ्या राजीखुशीने लिहिले आहे. सही आत्ताच करतो.

स्थळ: बूट दुरुस्तीचे दुकान, तळमजला
दिनांक: ११ फेब्रुवारी, दुपारचे चार

सही: बूट दुरुस्तीवाला, माजी पंच

साक्षीदार १: नर्सबाई, निवृत्त (सही)

साक्षीदार २: लिफ्ट मेकॅनिक, वरील इसमाचा धाकटा भाऊ (सही)
साक्षीदाराचा शेरा, त्याच्याच अक्षरात: दोनच होती, दादा. आधी बूट शिव. मरायचं मग बघू.