इथं बघण्यासारखं काय आहे

४ ऑगस्ट, सोमवार

हे रिटायर होऊन चार दिवस झाले आणि घरभर सुतळी. सकाळी मोजपट्टी घेऊन कपाट मोजलं. टेंपोत आडवं बसेल की उभं, यावर स्वतःशीच चर्चा. क्वार्टर सोडायला अजून मुदत आहे, पण ह्यांना यंदाचा गणपती गावी करायचाय, कराडजवळच्या घरी. "ठरलं की ठरलं." कुणाशी ठरलं? माझ्याशी तर नाही.

भांडी घासता घासता म्हटलं, बोईसरलाच दोन खोल्या बघू की भाड्याने. तर नेहमीचं. "इथं बघण्यासारखं काय आहे?"

हे वाक्य लग्न होऊन तारापूरला आले त्या आठवड्यापासून ऐकतेय. पाहुणे आले की हेच म्हणायचं आणि त्यांना मुंबई दाखवायला न्यायचं. मी मान डोलवायची. आजही डोलवली बहुतेक.

६ ऑगस्ट, बुधवार

कशात लक्ष नाही. धुतलेले डबे परत धुतले. दुपारी कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी मागच्या वर्षीचे फोटो टाकले, पालघरजवळ कोळगावच्या जिल्हा मुख्यालयाची पंधरा ऑगस्टची रोषणाई. वसई, डहाणूपासून लोक येतात म्हणे बघायला. तिकीट नाही, काही नाही, उभं राहायचं आणि बघायचं.

जेवताना सांगितलं, हे बघा, आहे की बघण्यासारखं.

ह्यांना हसू आवरेना. "चौतीस वर्षं प्लांटमध्ये वीज बनवली, आता बल्ब बघायला जाऊ?"

मला राग आला. रागात काय बोलते मला कळत नाही. म्हटलं, चला तरी. बघण्यासारखं निघालं तर इथं राहायचं.

"आणि नाही निघालं तर?"

"तर येईन गावी."

"तोंड वाकडं न करता?"

"न करता."

उरलेलं सगळं आयुष्य मी दिव्यांच्या माळेवर लावलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

दिसेल त्याला विचारत सुटलेय, कोळगावचं ते बघितलंय का, कसं असतं. शेजारच्या म्हणाल्या, "एकदा बघायला हरकत नाही." या उत्तराचं काय करायचं? धड हो नाही, धड नाही नाही. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, भीड बहुत रहती है, लेकिन फ्री है." म्हणजे फुकट आहे म्हणून चांगलं, की चांगलं आहे आणि वर फुकट?

भानूबाई आली होती. इथल्या दांडी गावची कोळीण, मासे घेऊन येते. आमच्याकडे श्रावण, काही घेत नाही तिला माहीत आहे, तरी पायरीवर टेकते, पाणी पिते. तिलाही विचारलं.

"दिवंच ते, बाय. बगाला बरं हाय. पोरं नाचतान." मग माझ्याकडे नीट बघून, "तुमी कशाला येवढी चवकशी करता?"

सांगितलं नाही. पैज लावली हे सांगायची लाज वाटली.

११ ऑगस्ट, सोमवार

अमूचा पुण्याहून फोन. "आई, बाबांचं गावी जायचं ठरलंय म्हणे. तुझं काय?" तोंडातून निघालं, "बाबा म्हणतील तसं." फोन ठेवला आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पोटच्या पोराने सरळ विचारलं तरी सरळ बोलता येत नाही. असली कसली सवय लावून घेतली मी.

सबंध दुपार आत-बाहेर. गॅलरीत जाऊन कशाला आले ते विसरले, आत आल्यावर आठवलं. वाळत घातलेले कपडे.

१३ ऑगस्ट, बुधवार

उद्या जायचं. परवा गर्दी फार म्हणून.

गंमत म्हणजे ह्यांनाच आता उत्सुकता. सकाळी कुणाला तरी फोनवर विचारत होते, माळा लावतात की लांबून झोत टाकतात. निळा शर्ट स्वतः इस्त्री केला. मला आतून उकळ्या फुटतायत, पण चेहरा साधा ठेवलाय. देवाला नमस्कार करताना सुद्धा दिव्यांचंच मागितलं. चांगले असू देत रे बाबा.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आत्ताच आलो. पाय भरून आलेत. ह्यांना आवडलं, अगदी मनापासून आवडलं. पण नंतर एसटीत...

उद्या लिहीन.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून आले. हे चहा पिऊन परत खोके बांधायला बसलेत. कालचं लिहिते.

बोईसरहून पालघरची एसटी धरली, कोळगावला उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. ती पांढरी लांबलचक इमारत, वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा उजेड, आणि ओल्या रस्त्यावर तेच सगळं परत उलटं. माणूस हा एवढा. निम्मे लोक इमारतीकडे पाठ करून आपलाच फोटो काढत होते. कणीसवाल्याला मान वर करायला फुरसत नव्हती.

हे नुसते उभे. मग म्हणाले, "च्यायला." डावीकडे जाऊन बघून आले, उजवीकडे जाऊन बघून आले. ज्या माणसाने अमूच्या बारशालाही कॅमेरा हातात धरला नाही त्याने मोबाईलवर फोटोमागून फोटो काढले. एका अनोळखी मुलीला थांबवून आमचा दोघांचा काढायला लावला. माझा दंड धरून उभे राहिले, चारचौघात. असं आजवर कधी नाही.

आणि मी? खरं लिहायला काय हरकत आहे. मला पाच मिनिटांत कंटाळा आला. दिवे ते दिवे. मी कणीस खाल्लं आणि ह्यांचं तोंड बघत राहिले. जिंकले होते ना मी. बोईसरच्या दोन खोल्यांना पडदे कुठले लावायचे इथपर्यंत मनात पोचले.

परतताना एसटीत जागा मिळाली. मी वाट बघतेय, आता बोलतील, मग बोलतील. उमरोळीच्या आसपास बोलले.

"बरं झालं आणलंस. इथनं जायच्या आधी एवढं बघायचं राहिलं होतं. आता मन भरलं. आता जायला मोकळे."

मला वाटलं, थट्टा करतायत. म्हटलं, अहो, आपलं काय ठरलं होतं? बघण्यासारखं निघालं तर...

"निघालं की. बघितलं की. त्याच्यासाठी कायमचं राहायचं असतंय होय? ताजमहाल बघून आलो तेव्हा आग्र्याला बिऱ्हाड केलं का आपण?"

मागच्या सीटवरचा माणूस हसला. मी पर्स उघडून उगीच तिकिटं शोधली. बघण्यासारखं असतं ते माणूस बघतो आणि घरी जातो. ह्यांचं बरोबर आहे. मीच चुकीच्या गोष्टीसाठी भांडले.

१७ ऑगस्ट, रविवार

खोके वाढतायत. मी माझं एकही भरलेलं नाही. "मसाल्याचे डबे कधी भरणार?" बघू.

मग मला इथं काय आहे? दोन दिवस हाच प्रश्न. दाखवण्यासारखं खरंच काही नाही. समुद्र आहे, त्याच्या खाऱ्या वाऱ्याने गेटसुद्धा टिकत नाही. भानूबाई आहे. पाच वाजले की चप्पल घालून मी बाहेर पडते, कधी बाजारात, कधी नुसतीच. तेवढंच.

पण गावी मी थोरली सून. उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकला की चार दारांतून आवाज, "कुठं निघाला, वैनी?" वाईट हेतूने नाही, मायेनेच. पण विचारतात. मग काहीतरी सांगावं लागतं, दळण, देऊळ, कुणाचं बाळंतपण. नुसतीच चाललेय, असं तिथं सांगता येत नाही. इथं इतक्या वर्षांत मला कुणीही विचारलं नाही. मला इथं राहायचंय ते यासाठी. किती क्षुल्लक दिसतंय लिहिल्यावर. आणि तरी जीव तुटतोय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

भानूबाई. खोके बघून पायरीवर बसलीच नाही, उभीच. "म्हंजे जाताव."

म्हटलं, मला नाही जायचं गं.

"मंग नवऱ्याला सांगलाव?"

तेव्हा सगळं सांगून टाकलं, पैज, दिवे, आग्रा, सगळं. ती इतकी हसली की डोक्यावरची पाटी एका हाताने धरावी लागली. "सांगलंच नाय! दिवं दाखवलं! बाय, त्याला कसा कलंल?"

मीही हसले. ती गेल्यावर रडले थोडी.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सांगितलं. सकाळी हे खाट सोडवून सुतळीने बांधत होते, गाठीवर बोट धरायला मला बोलावलं. बोट धरलं आणि म्हटलं, "मला गावी राहायला यायचं नाही."

"मग दिवे बघायला कशाला नेलंस?"

"तुम्ही विचारत होता, बघण्यासारखं काय आहे, म्हणून."

गाठ तशीच राहिली. म्हणाले, "भावाने दोन खोल्या रंगवल्यात आपल्यासाठी." मग, "चौतीस वर्षं मी इथं पाहुण्यासारखा राहिलो. ड्यूटी संपली की घरी जायचं, एवढंच डोक्यात. तुला माहिती नव्हतं?"

माहिती होतं. मी म्हटलं, हो, होतं. मी सुद्धा तिकडं पाहुणीच राहीन, हेही सांगितलं. आणि पाच वाजताचं. ह्यांना त्यातलं किती कळलं देव जाणे. "फिरायला तिकडं बी येतंय की," म्हणाले.

वाईट वाटलं. त्यांच्या हातात सुतळीचा गुंडा, चेहरा एवढासा. कितीदा वाटलं म्हणावं, बरं, येते. नाही म्हटलं. दिवसभर दोघे एका घरात एकमेकांना वाट देत फिरतोय.

२३ ऑगस्ट, शनिवार

टेंपो उद्याचा होता. सकाळी ह्यांना गॅलरीतून फोनवर बोलताना ऐकलं, "उद्या नको... नाही, कॅन्सल नाही... सांगतो."

आत येऊन एकट्याची बॅग भरली. दोन धोतरं, पूजेची, आणि निळा शर्ट. "गणपतीला कोणीतरी गेलं पाहिजे."

"हो."

"तू म्हणालीस तर..." एवढं म्हणून बॅगेची चेन लावली. मी म्हणाले तर काय, हे मी विचारलं नाही. डब्यात चपात्या आणि लसणीची चटणी दिली. बोईसर स्टेशनपर्यंत मी सोडायला गेले. गाडी येईपर्यंत गाडीबद्दलच बोललो.

परत आले. घरात खोक्यांमधून वाट काढत चहा केला. जिंकल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. पाच वाजता बाहेर पडायला चप्पल घातली, मग काढून ठेवली.

२५ ऑगस्ट, सोमवार

काल "पोचलो" एवढाच फोन. आज संध्याकाळी परत फोन. रंग बरा दिलाय, पिवळा आहे पण. मखर बांधणं चालू आहे. पाऊस नाही तिकडं. भाऊजी शेजारीच असणार, कारण मध्येच फोन बाजूला धरला आणि ह्यांचा आवाज लांबून आला. मोबाईलवरचे फोटो दाखवत होते कोणाकोणाला.

"हे? हे कोळगाव. आमच्या इकडं दर वर्षी असतंय हे. तुम्ही यायला पायजे एकदा बघायला, आम्ही नेतो की."

मी फोन कानाला घट्ट धरून उभी.

परत फोनवर आले. "हं, काय म्हणत होतो?"

"काही नाही. मखराचं सांगत होता."

"हां. जेवण झालं तुझं?"

म्हटलं, व्हायचंय अजून. कधी येणार ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही.