दुसरी नळी

जुनं शहर, अकोला
९ एप्रिल २०२५

माधवी,
सप्रेम जय भीम.

मी बरा आहे. देवमनमामाच्या मोटर-वाइंडिंगच्या दुकानात बसतो. तारेचे वेढे मोजण्यात चुकलो की मामा म्हणतो, "एमएस्सी अर्धी सोडली, आता मोटर तरी पुरी भर बाप्पा." मी भडकतो. तो हसतो.

अमरावतीची आठवण येते. त्यातही लॅबच्या त्या थंडगार खोलीची. मशीनच्या चुंबकापाशी धातू चालत नाही, म्हणून तू दारातच घड्याळ, चाव्या, केसांची क्लिप माझ्या ओंजळीत टाकायचीस आणि मोकळ्या केसांनी आत जायचीस. बेडकाच्या कातडीतलं जंतुनाशक पेप्टाइड जंतूंचं पेशीपटल कसं फोडतं, ते पाहायचं होतं आपल्याला. स्क्रीनवरच्या रेषेचा आकार बदलला की समजायचं, पटल विस्कटलं. "बेडकानं काम केलं," तू म्हणायचीस. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

परवा मूर्तिजापूरच्या स्टेशनवर आपल्या लॅबचा मोईज भेटला. म्हणाला, पुढच्या आठवड्यात तुझा रिपोर्ट जमा होतो आहे आणि त्यात आपलं पेप्टाइड निकामी ठरलंय.

ते निकामी नाही, माधवी.

रिपोर्टसाठीच्या शेवटच्या प्रयोगाच्या दिवशी घड्याळाबरोबर तू एक अंगठी माझ्या ओंजळीत ठेवलीस. ही कोणाची, मी विचारलं. "माझीच. रविवारी साक्षगंध झालं," म्हणालीस आणि आत गेलीस. पहिली नळी नुसत्या पटलाची होती. दुसरीत मला पेप्टाइड घालायचं होतं. मी अंगठीच पाहत राहिलो. तशीच नळी बंद करून तुझ्या हाती दिली. दोन्ही रेषा सारख्या आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाच्या डब्यात पेप्टाइडची कुपी दिसली. सील तसंच होतं. तेवढ्यात आपले गाईड सर आले आणि प्रयोग फसला म्हणून तुलाच बोलले. मी स्टूल लाथाडलं, सरांना नको ते सुनावलं आणि कॉलेज सोडलं. सगळ्यांना वाटलं, तुझ्यासाठी भांडलो. तू रडत म्हणालीस, "माझ्यासाठी काहून वाया जातोस?"

मी तेव्हाही खरं बोललो नाही. तुझ्या डोळ्यांत मी तुझ्यासाठी भांडणारा होतो, ते सोडवेना.

सोबत वेगळ्या कागदावर माझी चूक लिहून सही केली आहे. तो सरांना दाखव, हे पत्र नको. दुसरी नळी पुन्हा कर.

अंगठी तेव्हाच दिली होती. क्लिप तू विसरलीस. ती पाठवत नाही.

तुझ्या वस्तू सांभाळत दारातच राहिलेला,
प्रीतम